नलूवहिनी, ते टिंब माझं होतं

नलूवहिनी,

परवा इथे दोहात, बिन महमूदला प्रसादच्या घरी तुमच्यासाठी शोकसभा झाली. खुर्च्या पुरल्या नाहीत. तरुण मंडळी गालिच्यावर बसली आणि आम्ही म्हातारे सोफ्यावर, गुडघे सांभाळत. लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलले. इतकं चांगलं, की तुम्ही असतात तर मध्येच उठून चहा टाकायला गेला असतात. शेवटी प्रसाद उभा राहिला. हल्ली आपल्या मराठी मंडळाचा चिटणीस तोच आहे. तो म्हणाला, "वहिनींचं मोठेपण बघा. त्यांच्या हातून एकदा मोठी चूक झाली. एका लहान मुलीचं म्हणणं त्यांनी नीट ऐकलं नाही. पण त्या चुकीतूनच त्यांनी वर्ग सुरू केला आणि आपल्या सगळ्यांना ऐकायला शिकवलं."

सगळ्यांनी माना हलवल्या. वहिनी, मीही हलवली.

परतताना गाडी सून चालवत होती. "बाबा, कुठली मुलगी?" तिनं विचारलं. "जुनी गोष्ट आहे," मी म्हणालो आणि खिडकीबाहेर बघत राहिलो. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. जी चूक तुमची नव्हती, ती पुन्हा एकदा तुमच्या नावावर चढली होती, आणि दर वेळी मी तिथे हजर होतो. म्हणून हे लिहितो आहे. मंडळाच्या अंकात छापायला देणार आहे, कारण ज्यांनी माना हलवल्या त्यांनीच ते वाचायला हवं.

पुढच्या दोन परिच्छेदांची तुम्हाला गरज नाही. ते नव्या लोकांसाठी.

परदेशातलं कुटुंब म्हणजे तीन-चार माणसं. आजी नाही, मामा नाही, शेजारची काकू नाही. आई इस्पितळात गेली आणि बाप समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर ड्युटीला असला, तर मूल कुठे ठेवायचं? नातेवाइकाला व्हिसा मिळून तो इथे पोचेपर्यंत काही आठवडे, कधी काही महिने जातात. अशा वेळी आपल्यातलंच एखादं घर त्या मुलाला ठेवून घेतं. हे पूर्वीपासून चालत आलं होतं. तुम्ही त्यात एक गोष्ट घातलीत. तुम्ही म्हणालात, मूल ठेवून घेणारं घर एक आणि मुलाच्या बाजूनं बोलणारं माणूस वेगळं पाहिजे. ठेवून घेणाऱ्यांचे उपकार असतात, आणि ज्यांचे उपकार आहेत त्यांच्यासमोर मूल तक्रार करत नाही. म्हणून एक माणूस असा हवा, जो त्या मुलाला जेवू घालत नाही, झोपवत नाही, फक्त भेटतो, ऐकतो, आणि मोठ्यांच्या बैठकीत त्याचं म्हणणं जसंच्या तसं मांडतो.

नाव काय द्यायचं, यावर बराच खल झाला. कुणी "बालमित्र" म्हटलं, कुणी "पालकसखा". मी एक लांबलचक संस्कृत शब्द काढला होता. तुम्ही म्हणालात, "भाऊजी, तो शब्द उच्चारेपर्यंत मूल मोठं होईल. आपण बाजूवाले. शेजारीही आणि बाजू घेणारेही." सगळे हसले आणि नाव पडलं ते पडलंच. कतारमध्ये नोकरीला येऊन चार महिने झालेला आयटीतला पोरगाही आज अभिमानानं सांगतो, "मी बाजूवाला आहे."

आता तन्वीबद्दल.

तेव्हा ती आठ वर्षांची होती. घरचे अमरावतीकडचे. दुसऱ्या बाळंतपणात आईची तब्येत बिघडली आणि तिला महिनोन्‌महिने इस्पितळात झोपून राहावं लागणार होतं. वडील तेलाच्या फलाटावर, दोन आठवडे समुद्रात, दोन आठवडे जमिनीवर. तन्वीला मदिनत खलीफातल्या मेघनाच्या घरी ठेवलं. मेघनाचा व्हिला प्रशस्त, मागे बाग, माणसं सज्जन. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण नंतर लोक मेघनालाही बोलले आणि ते अन्यायाचं होतं. तिनं त्या पोरीसाठी स्वतंत्र खोली सजवली होती, भिंतीवर फुलपाखरं चिकटवली होती.

तन्वीच्या बाजूवाल्या तुम्ही होतात. पण तुमच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि तुम्ही नाशिकला गेलात. जाताना मला म्हणालात, "रोज जा. थोडा वेळ बसा. काही विचारलं नाहीत तरी चालेल, नुसते बसा." मी मंडळाचा अध्यक्ष होतो. मला बसायला काय शिकवायचं, असं मनात आलं, पण गेलो. रोज संध्याकाळी गेलो. ती मागच्या पायरीवर बसलेली असायची. मी शेजारी खुर्ची ओढायचो. तिला मी गोष्टींची पुस्तकं न्यायचो, शुद्ध मराठीतली. पुण्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंचा मी मुलगा. मंडळाच्या अंकातल्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल पेन चालवणारा, फोनवर समोरच्याचं "पानी" ऐकून "पाणी" म्हणणारा. तुम्ही मला म्हणायचात, "भाऊजी, तुमच्याशी बोलताना माणूस आधी घाबरून व्याकरण तपासतो, मग विसरतो काय बोलायचं होतं." तेव्हा मी ते कौतुक समजलो.

एका संध्याकाळी तन्वी म्हणाली, "काका, मले इथं गमत नाही."

मी म्हणालो, "मले नाही बाळा. मला."

तिनं मांडीवरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "मला इथं गमत नाही."

मी म्हणालो, "शाबास."

वहिनी, हे शब्द मी आजवर कुणाला सांगितलेले नाहीत. तुम्हालाही नाही. तुम्हाला मी फोनवर फक्त एवढंच सांगितलं, "ठीक आहे पोरगी. गंमत वाटत नाही म्हणते तिथे. एकटी आहे ना, खेळायला कुणी नाही." विदर्भात "गमत नाही" म्हणतात म्हणजे मन लागत नाही, जीव रमत नाही, घर आठवतं. आमच्याकडे त्याला "करमत नाही" म्हणतात. ती "करमत नाही" म्हणाली असती तर मी त्याच क्षणी तिला जवळ घेतलं असतं. पण "गमत" हा शब्द माझ्या मराठीत नव्हता आणि माझ्या मराठीत नाही तो शब्दच नाही, असा माझा समज होता. म्हणून मी तो दुरुस्त करून घेतला. ग वर एक टिंब दिलं. तिचं दुःख होतं, ते मी नुसता कंटाळा म्हणून पोचवलं.

तुम्ही परत आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी बैठक होती. तुम्हाला तन्वीला भेटायलाही वेळ मिळाला नव्हता. माझ्या भरवशावर तुम्ही बैठकीत सांगितलंत, "तिला तिथे गंमत वाटत नाही, असं ती म्हणते." आणि आपण सगळे भले लोक गंमत आणायला निघालो. कुणी सायकल आणली. कुणी तिला मॉलमध्ये बर्फावर घसरायला नेलं. मेघनानं बागेत उड्या मारायची जाळी लावली. पोरगी उड्या मारायची. विचारलं की म्हणायची, "मस्त."

मग मे महिन्यातल्या एका दुपारी ती मेघनाच्या घरातून निघाली, पाठीला शाळेचं दप्तर लावून, आईच्या इस्पितळाकडे, चालत. दोहातलं मे महिन्यातलं ऊन काय असतं हे इथल्यांना सांगायला नको. रस्त्यात चक्कर येऊन पडली. कोपऱ्यावरच्या बकाल्यातल्या, म्हणजे किराणा दुकानातल्या, माणसानं उचलून सावलीत नेलं आणि दप्तरावरच्या नंबरावर फोन केला. ती वाचली. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत डॉक्टर नक्की काही बोलत नव्हते, आणि तेवढ्या वेळात मी आयुष्यात कधी केली नव्हती इतकी प्रार्थना केली. वहिनी, त्या प्रार्थनेत मी दोन गोष्टी मागत होतो. पोरगी वाचू दे, ही पहिली. दुसरी मला लिहवत नाही, पण ज्यानं हा लेख इथवर वाचला त्याला ती कळली असेल.

तिचे वडील समुद्रावरून आले ते थेट बैठकीला. तो माणूस कधी मोठ्यानं बोलत नसे. त्या दिवशी उभा राहून म्हणाला, "कोन म्हने गंमत? माही पोरगी गमत नाही म्हनत होती. गमत नाही! मन लागत नाही तिचं. फोनवर मलेही तेच सांगे, मी म्हटलं तिथं मोठी मानसं आहेत, त्यांना सांग, ते पाहून घेतील. तिनं सांगतलं म्हने. कोनाले सांगतलं?"

मी माझ्या बुटांकडे बघत होतो. मला वाटलं, आता तुम्ही माझ्याकडे बघाल. तुम्ही नाही बघितलंत. तुम्ही उभ्या राहिलात आणि म्हणालात, "दादा, तिची बाजूवाली मी. ऐकण्यात चूक झाली. मला माफ करा."

तो माणूस खाली बसला आणि रडायला लागला. आणि मी, अध्यक्ष, आभार मानून बैठक संपवली.

तन्वीला तुम्ही मग ओल्ड एअरपोर्ट भागात वाशीमच्या एका कुटुंबाकडे नेलंत. एक बेडरूमचा फ्लॅट, त्यात आधीच चार माणसं. ती त्यांच्या मुलींच्या मध्ये जमिनीवर झोपायची. तिथे गंमत काही नव्हती. पण तिला गमलं.

त्यानंतर तुम्ही वर्ग काढलात. दर महिन्याला एका शुक्रवारी सकाळी, रस्ते रिकामे असतात तेव्हा. नियम साधा होता: वर्गाला येईल त्यालाच मूल मिळेल. मी कडाडून विरोध केला. आठवतं? "वहिनी, यातले काहीजण दहा-दहा मुलांचे बाजूवाले झालेत. त्यांना आता काय शिकवणार?" तुम्ही म्हणालात, "त्यांना दहा मुलं कळली, भाऊजी. अकरावं अजून यायचंय." मी म्हणालो, "मग अनुभवाला काही किंमतच नाही?" तुम्ही म्हणालात, "आहे ना. अनुभवी माणूस उत्तर लवकर ओळखतो. तीच तर पंचाईत आहे."

हा वाद आपण कधी संपवला नाही. वर्षानुवर्षं चालला, कधी फोनवर, कधी तुमच्या त्या जुन्या गाडीत, सिग्नलला कडक चहाचे कागदी कप सांभाळत. तुमचा नवरा शरद मागच्या सीटवरून म्हणायचा, "तुम्ही दोघं भांडा, मी झोपतो."

आणि तुमचे वर्ग! पहिल्या वर्गात तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, की तुमच्या गावाकडे मूल नाखूश असलं की काय म्हणतं. मालवणकडचा एकजण उठला, परभणीची एक सून उठली, खानदेशातला एक इंजिनियर उठला. कुणाकडे जीव लागत नाही, कुणाकडे करमत नाही, कुणाकडे नुसतंच "पोट दुखतं". त्या पोट दुखण्यावर तुम्ही सगळ्यांना थांबवलंत. म्हणालात, मुलांचं दुःख पुष्कळदा पोटात असतं, औषध देण्याआधी बसा. मग इथे जन्मलेल्या मुलांकडे वळलात, जी मराठी समजतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. "आयॅम फाइन" याचे प्रकार तुम्ही आम्हाला तासभर म्हणून दाखवलेत. दार लावणारं फाइन, मोबाइलमधलं फाइन, आणि जे म्हटल्यावर मूल अर्धं पाऊल तुमच्याकडे सरकतं ते फाइन. आम्ही हसून हसून बेजार. पण पुढच्या महिन्यात भेटायला गेलेल्या प्रत्येकानं ते पाऊल बघितलं.

दर महिन्याला नवं काहीतरी. कधी एखादी नर्स यायची आणि मोठं मूल अंथरूण ओलं करतं तेव्हा घरातल्यांना काय सांगायचं ते शिकवायची. कधी तुम्ही निरोपाचा वर्ग घ्यायचात: मूल आपल्या घरी परत गेलं की बाजूवाल्यानं एकदम गायब व्हायचं नाही, हळूहळू मागे सरकायचं. कधी आम्हालाच मूल करायचात. एकदा मला आठ वर्षांचा केलंत आणि प्रसादला माझा बाजूवाला. प्रसादनं विचारलं, "नव्या घरी कसं वाटतंय?" मी म्हणालो, "छान." तुम्ही मागून म्हणालात, "भाऊजी, छान म्हणताना दाराकडे काय बघताय? चपला तिकडे आहेत म्हणून?" सगळे हसले. मी पण हसलो. मला खरंच उठून जायचं होतं.

आणि एक तुमचा आवडता पाठ. समोरचा बोलेल ते तसंच्या तसं परत म्हणायचं. शब्द बदलायचा नाही, सुधारायचा नाही, "म्हणजे तुला असं म्हणायचंय का" असं विचारायचं नाही. जगात सगळ्यात सोपा वाटणारा हा पाठ मला कधी जमला नाही. दर वेळी माझ्या तोंडून एखादा शब्द नीटनेटका होऊनच बाहेर पडायचा. तुम्ही रागावला नाहीत. नुसतं म्हणायचात, "परत."

त्या पाठाआधी तुम्ही तन्वीची गोष्ट सांगायचात. नाव न घेता. "मी ऐकलं नाही," असंच म्हणायचात, दर वेळी, प्रथमपुरुषी एकवचनी. मी वाट बघायचो की आता तरी या बाई माझ्याकडे एक नजर टाकतील. मी त्या नजरेसाठी तयार होऊन यायचो. तुम्ही ती कधी टाकली नाहीत.

एक वर्ष मी वर्गाला यायचं बंद केलं. कारण सांगितलं कामाचं. पुढे एका मुलासाठी बाजूवाला हवा होता, मी नाव दिलं. तुमचा फोन आला: "भाऊजी, वर्ग चुकलेत. या खेपेला नाही." मी चिडलो. "वहिनी, मी अध्यक्ष आहे." "अध्यक्ष मोठ्यांचे," तुम्ही म्हणालात, "मुलांनी तुम्हाला निवडून दिलेलं नाही. यल्ला, चला, शुक्रवारी या." आणि मी आलो. रागावून आलो, पण आलो. आज वाटतं, दुसरी कुणी असती तर अध्यक्षाला मूल देऊन मोकळी झाली असती. मनात माझ्याविरुद्ध एवढी मोठी गोष्ट असताना तुम्ही तिचा वापर करून मला हाकललं नाही, आणि तिच्यापायी मला सूटही दिली नाही. नियम नियम होता. इतकं सरळ वागणं मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही.

एकदाच मी तोंड उघडायचा प्रयत्न केला. तुम्ही मला घरी सोडत होतात. मी म्हणालो, "वहिनी, ते तन्वीचं तुम्ही स्वतःवर घेतलंत..." तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता म्हणालात, "मी ते कुणाला सांगू शकत नाही, भाऊजी. तुम्ही सांगू शकता." मला तो टोमणा वाटला. झोंबला. मी विषय बदलून पेट्रोलच्या भावावर आलो. पुढे मी मनाशी ठरवून टाकलं की तुम्ही मला दयेपोटी झाकलंत, आणि अशी दया करणाऱ्या माणसावर रागावण्याचा मला हक्क आहे. त्या रागावर मी बरीच वर्षं काढली. तुमच्याशी भांडताना माझा आवाज विनाकारण चढायचा, तो त्यामुळे.

तुमचं नाशिकला जायचं ठरलं ते तुम्ही गेल्यानंतर. इथे आपल्याला अग्नी देता येत नाही. विमानतळावर शरद कागदांची पिशवी छातीशी धरून उभा होता. मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "तुझ्याशी भांडण झालं ना, की ती त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खायची." मग म्हणाला, "आता तू कुणाशी भांडणार रे?" तुम्ही मालाच्या विमानातून गेलात आणि मी पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली होती ते विसरून फिरत राहिलो.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी प्रसादचा फोन आला. येत्या शुक्रवारचा वर्ग कुणी घ्यायचा? "काका, तुम्ही सगळ्यात सीनियर. वहिनींची ती मुलीची केस तुम्हीच सांगा ना, तुम्ही तेव्हा होतात."

मी होतो, वहिनी.

मी प्रसादला हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. तन्वीला फोन केला. तुम्हाला माहीत आहेच, शिकून ती दोहात नोकरीला परत आली आणि गेल्या वर्षापासून वर्गाला येते आहे. माझ्याशी अदबीनं बोलते. मीही तिच्याशी अदबीनं बोलतो, एवढ्या लहान मुलीशी. मी म्हटलं, भेटायचं आहे. ती ऑफिस सुटल्यावर आली. ओल्ड एअरपोर्टच्या त्या चहाच्या टपरीसमोर तिच्या गाडीत बसलो. मी घरून वाक्यं ठरवून गेलो होतो. एकही नीट आलं नाही. शेवटी एवढंच म्हणालो, "तन्वी, तू जे म्हणाली होतीस ना, गमत नाही, ते वहिनींना नव्हतं सांगितलंस. मला सांगितलं होतंस."

तिनं चहाचा कप डॅशबोर्डवर ठेवला. मग म्हणाली, "काका, मला माहितीये. मीच सांगितलं होतं ना."

वहिनी, इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटत होतं हे गुपित दोघांत आहे, तुमच्यात आणि माझ्यात. ज्या पोरीनं ते वाक्य उच्चारलं, तिला ते कुणापुढे उच्चारलं हे आठवत असणार, एवढा साधा विचार मी केला नव्हता. म्हणजे मी तिला तेव्हाही हिशेबात धरलं नव्हतं आणि नंतरही नाही.

मग तिनं सांगितलं. ती इस्पितळात होती तेव्हा तुम्ही तिच्या उशाशी बसला होतात. तुम्ही विचारलंत, कुणाला म्हणाली होतीस? ती म्हणाली, त्या काकांना. तुम्ही विचारलंत, हे मी बैठकीत सांगू का? ती म्हणाली, नको.

"का?" मी विचारलं.

"तुम्ही रोज यायचात काका. कोणीच रोज येत नव्हतं. मला वाटलं, तुमचं नाव सांगितलं तर सगळे तुम्हाला रागावतील आणि मग तुम्ही येणार नाही." मग म्हणाली, "पण तुम्ही आलाच नाहीत परत."

मी नाही गेलो. वाशीमवाल्यांच्या फ्लॅटवर मी एकदाही गेलो नाही. लाज वाटत होती म्हणून. तुमच्या निरोपाच्या वर्गात बसून, गायब व्हायचं नाही हे ऐकून मी मान डोलावली होती.

म्हणजे तुम्ही मला झाकलं नव्हतंत. तुम्ही त्या दिवशी उभ्या राहिलात त्या तिच्या बाजूवाल्या म्हणून, आणि तिनं सांगितलं तेवढंच केलंत. माझ्यावर दया करायला तुम्हाला सवडच नव्हती. मी ज्या उपकाराच्या ओझ्याखाली तुमच्यावर रागावत राहिलो, तो उपकार आठ वर्षांच्या मुलीचा होता.

"माझ्या दर वाढदिवसाला त्यांचा फोन यायचा," तन्वी म्हणाली. "सगळं बोलून झालं की शेवटी विचारायच्या, ते अजून नकोच ना सांगायला? मी म्हणायचे, नको. त्या म्हणायच्या, बरं, पुढच्या वर्षी विचारते. एव्हरी सिंगल इयर, काका. मी कॉलेजमध्ये होते तेव्हासुद्धा."

"आणि या वर्षी?"

"या वर्षी मी म्हणाले, सांगा आता. मला चालेल. त्यांनी लगेच पकडलं, चालेल की हो? मी म्हणाले, हो." ती हसली आणि तिचे डोळे भरले. "मग म्हणाल्या, छान. पण आता मी नाही सांगणार. त्यांना सांगू दे."

बाहेर मुलं गाड्यांमधून चहाचे कप पोचवत होती. आमचा चहा निवला होता.

शुक्रवारचा वर्ग तन्वी घेणार आहे. मी तिला विचारलं, मी काय करू? ती म्हणाली, "तुम्ही बसा. आणि सुरुवातीला तुमचं तुम्ही सांगा, मी मध्ये बोलणार नाही." हा लेख त्याआधी प्रसादकडे जाईल. यातले "मले" आणि "माही" त्यानं शुद्ध करू नयेत, असं मी वर लिहून देतो आहे.

उतरताना मी तिला एकच विचारलं. "वहिनींना खरंच वाटत होतं का, की मी सांगेन?"

"मीही त्यांना तेच विचारलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, इतकी वर्षं नाही बोलले, आता कधी बोलणार? तर म्हणाल्या, घाई नको करू गं. मोठ्या माणसांना वेळ लागतो."

वेळ लागला, वहिनी.